लाल पट्टी आली नव्हती

"मशीन खोटं बोलत नाही," हे वाक्य तिचंच. चारचौघांत म्हटलेलं, आणि तेही आवाज न चढवता, म्हणजे ऐकणाऱ्यांना जास्तच पटावं.

झालं होतं असं. गेल्या गुरुवारी संध्याकाळी सव्वासहाला पाळणाघरातून फोन आला, की मुंगीचे ओठ सुजलेत, अंगावर गांधी उठल्यात, आम्ही समोरच्या दवाखान्यात नेतोय, तुम्ही थेट तिकडेच या. मुंगी म्हणजे तिची पावणेदोन वर्षांची मुलगी. जमिनीवर सांडलेला कणन्‌कण टिपून तोंडात घालायची म्हणून हे नाव पडलं होतं, आणि खरं नाव आता फक्त लसीच्या कार्डावर उरलं होतं. मुंगीला अंडं चालत नाही. एवढंसं पोटात गेलं तरी अंग फुलून येतं. आणि त्या संध्याकाळी उशिरापर्यंत थांबणाऱ्या मुलांना खाऊ म्हणून केकचे तुकडे वाटले होते.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा गळ्यात ऑफिसचं कार्ड लटकत होतं आणि एका चपलेचा पट्टा उघडाच होता. इंजेक्शन देऊन झालं होतं. डॉक्टरांनी दोन तास बसवून ठेवलं. आठ वाजेपर्यंत मुंगी डॉक्टरांच्या गळ्यातली नळी ओढायला लागली. लेक सावरली, आई काही सावरली नाही. तशी ती मुळातच काळजीवाहू. दाराची कडी लावल्यावर जिन्यावरून दोनदा परत येऊन बघणारी, दूध तापवायच्या आधी तीनदा हुंगणारी. नवरा तर म्हणायचा, की आपल्या घरात चोर आला तर त्याला ही आधी पायरीवर हात धुवायला लावेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळणाघराच्या बाईंनी खोलीत सगळ्यांना बसवलं. ती, नवरा, पालक समितीतल्या दोन आया, आणि दारापाशी उभ्या मोठ्या मावशी. बाईंच्या हाताखाली चार मावश्या होत्या, त्यातल्या या वयानं मोठ्या, संध्याकाळची पाळी सांभाळणाऱ्या. पाचनंतर चारही खोल्यांतली उरलेली मुलं त्यांच्याकडे गोळा व्हायची. कुठल्या पोराला काय चालतं, काय नाही, हे सगळं त्यांनी तोंडपाठ ठेवावं अशी अपेक्षाच नव्हती. त्यासाठी टॅब होता. खाऊ देण्याआधी मुलाचा फोटो दाबायचा, मग पदार्थ दाबायचा. पदार्थ वर्ज्य असला तर पडद्यावर आडवी लाल पट्टी येते आणि टॅब वाजतो.

मोठ्या मावशी एवढंच म्हणाल्या, की मी फोटो दाबला, केक दाबला. पट्टी आली नाही.

बाईंनी नोंद उघडली. तिथं मुंगीच्या नावापुढे वेळेसकट लिहिलं होतं, ॲलर्जी तपासणी पूर्ण. बाईंनी टॅब सगळ्यांकडे वळवला. समितीतली एक आई मावशींना समजुतीच्या सुरात म्हणाली, की अहो, घाई असते, वीस पोरं असतात, नजर चुकली असेल तर सांगून टाका. मावशी पुन्हा तेच म्हणाल्या. आणि तेव्हा तिनं ते वाक्य म्हटलं. पुढे हेही जोडलं, की हा प्रोग्राम आमच्याच कंपनीत तयार झालाय, मी स्वतः त्यावर काम केलंय.

मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

बाईंनी मावशींना आठवडाभर घरी बसायला सांगितलं. काढायचं की ठेवायचं ते पुढच्या शुक्रवारी पालक समितीसमोर ठरेल म्हणाल्या. लेखी तक्रार मात्र लागेल. ती तिनं त्याच दुपारी लिहून दिली. कॉलेजात निबंधाला बक्षीस मिळवणारी मुलगी ती, तक्रारही तशीच उतरली. "अक्षम्य निष्काळजीपणा" हा शब्दप्रयोग तिला लिहिताना चांगला वाटला होता. सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, पोर सुखरूप आहे ना, मग कुणाच्या पोटावर पाय देऊ नका बाई. त्यावर तिनं जरा फणकाऱ्यानंच सांगितलं, की आई, तुमच्या वेळेला चालत होतं हे सगळं.

बुधवारी सकाळी ऑफिसात तिच्या टेबलापाशी शंभरटक्के येऊन उभा राहिला. हा त्यांचा वरिष्ठ. काहीही विचारलं की "शंभर टक्के" म्हणायचा, म्हणून अकराजणांच्या त्या कंपनीत त्याचं नाव तेच झालं होतं. पाळणाघराच्या बाईंनी फायलीला जोडायला कंपनीचा अहवाल मागवला होता. त्या दिवशी प्रणाली नीट चालत होती की नाही, तपासणीची नोंद झाली होती की नाही, एवढंच.

"तुझ्याच मुलीचं आहे, तूच बघ," तो म्हणाला. "दोन ओळींचं काम आहे."

तिनं चहाचा कप बाजूला सरकवला आणि नोंदींची प्रत उघडली.

त्यांचा प्रोग्राम ज्या भाषेत होता ती मोठी मोकळ्या स्वभावाची. काही भाषा दारातच सगळी कागदपत्रं मागतात. तू कोण, तुला काय काय येतं, लिहून दे, मगच आत ये. ही तसली नाही. इथं कुणीही यावं. प्रोग्राममधलं प्रत्येक मूल म्हणजे एक ऑब्जेक्ट. त्याला हाक मारायची, 'वय', 'झोपेची वेळ', 'न्यायला कोण येणार'. येत असेल तर ते ओ देतं आणि उत्तर हातावर ठेवतं. येत नसेल तर अख्खा प्रोग्राम तिथंच कोसळतो आणि पडदा एररनं भरून जातो. या हाकांना म्हणायचं मेथड. आता कुठल्या ऑब्जेक्टला कुठल्या मेथड येतात हे बाहेरून बघून कळत नाही, ते त्यालाच विचारावं लागतं. तशी सोय भाषेतच आहे. एक छोटा शब्द टाइप करून पुढे ऑब्जेक्टचं नाव ठेवलं, की ते आपली सगळी यादी समोर टाकतं.

तिनं मुंगीचं ऑब्जेक्ट घेतलं आणि यादी मागितली. खरं तर गरज नव्हती. पण कडी दोनदा बघण्याची सवय कुठं जाते.

यादी आली. नाव. वय. फोटो. आईचा फोन, बाबांचा फोन. पांघरूण कुठलं. झोपेची वेळ. न्यायला कोण. उशीर किती मिनिटं. उशिराचं शुल्क.

तिनं यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. मग अकारविल्हे लावून घेतली. ॲलर्जी नव्हती.

आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून तिनं सरळच विचारलं, या ऑब्जेक्टला ॲलर्जी ही मेथड येते का? कर्सर एकदा लुकलुकला आणि खाली उत्तर आलं. नाही. तिनं सकाळच्या गटातलं एक मूल घेतलं, त्याला विचारलं. येते. दुसरं घेतलं. येते. दिवसभराच्या गटातलं घेतलं. येते. पुन्हा मुंगीला विचारलं. नाही. मग विचारलं, बाई गं, तू आहेस तरी कुठल्या जातीची? ऑब्जेक्टनं सांगितलं, उशिराचं मूल.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. गेल्या महिन्याच्या एक तारखेपासून मुंगी पाचऐवजी साडेसहापर्यंत थांबत होती. तसा अर्ज तिनंच भरला होता, कारण ऑफिसातलं काम आवरत नव्हतं. अर्ज भरला की प्रोग्राम मुलाला एका प्रकारातून काढून दुसऱ्यात टाकत असे. उशिराच्या मुलांचा हा प्रकार नवा होता. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या कंसरावानं तो भलत्याच घाईत बनवला होता, आधीच्या 'एक दिवसाच्या पाहुण्या मुलां'वरून नक्कल करून. कंसराव म्हणजे कंस नीट बंद झालेत की नाही यावरून जगाशी भांडणारा माणूस. पाहुण्या मुलांना ॲलर्जीची मेथड नव्हती, म्हणून उशिराच्यांनाही राहिली नाही.

क्षणभर, अगदी क्षणभर, तिला हायसं वाटलं. चूक कंसरावाची.

पण मग प्रोग्राम कोसळला का नाही? हाकेला ओ न देणारं मूल पुढे आल्यावर त्यानं पहिल्याच दिवशी बोंब ठोकायला हवी होती. पाळणाघरातून दहा फोन यायला हवे होते. तिनं टॅबवर तपासणी होते तो भाग उघडला. सहा ओळी होत्या. पहिलीत लिहिलं होतं, की या मुलाला ॲलर्जी ही मेथड येत असेल तर हाक मार. येत नसेल तर गप्प पुढे जा. आणि सगळ्यात खालची ओळ, दोन्ही वाटांना सारखीच लागू असलेली: नोंद कर, तपासणी पूर्ण.

कुणी लिहिलं हे बघायला एक बटण असतं. ते तिनं दाबलं. तिचं नाव होतं. तारीख आठ महिन्यांपूर्वीची. वेळ चार वाजून दहा मिनिटं.

तो दिवस तिला लख्ख आठवला. दुसऱ्या दिवशी पाळणाघराला प्रोग्राम दाखवायचा होता आणि पाहुणं मूल आलं की तो पडत होता. तेवढ्यात मुंगीला ताप भरल्याचा फोन आला, घेऊन जा म्हणून. ती एका हातात पर्स घेऊन उभ्यानं टाइप करत होती. असेल तर विचार, नसेल तर सोड. प्रोग्राम पडायचा थांबला. शंभरटक्क्यानं अंगठा वर केला. ती पळाली. आल्यावर नीट करू असं मनाशी म्हणाली होती. ताप तीन दिवस उतरला नाही, आणि चौथ्या दिवशी ती आली तेव्हा सगळं चालू होतं. चालत्या गाडीला खीळ कोण घालतं?

मावशींनी फोटो दाबला होता. केक दाबला होता. प्रोग्रामनं मुंगीला विचारलं, तुला ॲलर्जीचं सांगता येतं का? मुंगी नाही म्हणाली. प्रोग्राम गप्प पुढे गेला आणि लिहून मोकळा झाला. पट्टी आली नव्हती.

चहावर साय धरली होती.

एक गोष्ट तिनं लगेच केली, तेवढी तिच्या पदरात टाकायला हवी. कंसरावाला हाक मारली, यादी दाखवली. तो आधी म्हणाला की माझे कंस बरोबर आहेत, मग त्याचा चेहरा उतरला. त्यांचा प्रोग्राम बत्तीस पाळणाघरांत चालत होता. उशिराच्या मुलांत ज्यांना काही वर्ज्य आहे अशी आणखी सात मुलं निघाली. एकाला दूध, एकाला दाणे. त्या सातजणांनी आजवर चुकीचं काही खाल्लं नव्हतं, ते त्यांचं नशीब. कंसरावानं मेथड घातली, तिनं ती गप्प पुढे जाणारी ओळ काढली, आणि जेवायच्या सुट्टीआधी सगळीकडे दुरुस्ती पोचली.

मग ती शंभरटक्क्याकडे गेली. त्यानं ऐकून घेतलं, खुर्चीत मागे रेलला, डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता. पाळणाघरांशी करार याच महिन्यात पुन्हा व्हायचे होते, आणि ते बारगळले तर अकरातल्या कुणाला घरी बसावं लागेल हे त्याला रोजच दिसत होतं. त्यानं विचारलं, दुरुस्ती झाली ना? मग झालं. अहवालात त्यांनी काय विचारलंय, नोंद झाली होती का. झाली होती. तेवढं लिही. बाकीचं करार झाल्यावर आपण शांतपणे सांगू.

"आणि मावशी?" तिनं विचारलं.

"तो त्यांचा आतला मामला आहे. तू त्यात पडू नकोस. आणि खरं सांगू? तुझ्याच भल्याचं सांगतोय. तक्रार तुझी, मुलगी तुझी, ओळही तुझी. लोक काय म्हणतील, विचार कर."

तिनं विचार केला. हेच तर ती सकाळपासून करत होती. समितीतल्या त्या दोघी आया, त्यांचा फोनवरचा गट, तिथं शुक्रवारी तिच्यासाठी आलेले हात जोडलेले, फुलं धरलेले संदेश. आणि त्या सगळ्याच्या खाली, बोलून दाखवता येणार नाही असं एक: मुंगीचे ओठ कुणी सुजवले, तर आईनं. परक्या बाईच्या नावावर ते होतं तोवर निदान रागावता येत होतं.

तिनं दोन ओळी लिहिल्या. संबंधित दिवशी ॲलर्जी तपासणीची नोंद प्रणालीत सायंकाळी पाच वाजून बावन्न मिनिटांनी झाल्याचे आढळते. नोंदीत कोणताही फेरफार झालेला नाही. शब्दन्‌शब्द खरा. दुपारी तीनला पाठवून दिलं. बाईंचं उत्तर पाच मिनिटांत आलं, आभारी आहे.

संध्याकाळी घरी ती मुंगीला भरवताना प्रत्येक घास आधी स्वतः चाखत होती. नुसता मऊ भात होता. नवरा म्हणाला, अगं, ती राजकन्या आहे का विष घालायला. एरवी ती हसली असती. तिनं घास खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. त्यानं मुंगीच्या बशीतला भात चमच्यानं सारखा केला. मग म्हणाला, चुका होतात गं. तिला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. मग त्यानं विचारलं, अहवालात लिहिलंस ना? ती म्हणाली, झोपायची वेळ झाली हिची.

गुरुवारी ती मुद्दाम लवकर निघाली आणि पावणेपाचलाच पाळणाघरात पोचली. मुलांचे बूट घालायच्या बाकापाशी एक कपाट होतं. त्याच्या दारावर चौकोनी फिकट डाग होता, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीचे पिवळे ठसे. तिथं पूर्वी मोठ्या मावशींचा कागद असायचा. कुणाला काय चालत नाही ते त्यांनी लाल पेन्सिलीनं लिहिलेलं, प्रत्येक नवं पोर आलं की खाली एक ओळ वाढवलेली. टॅब आले तेव्हा मावश्यांना शिकवायला तीच आली होती. तो कागद काढून टाका, असं सांगणारी तीच. दोन ठिकाणी लिहिलं की गोंधळ होतो, म्हणाली होती. मावशी म्हणाल्या होत्या, राहू दे की ताई, काय खातोय का तो? सगळ्या हसल्या होत्या, तीही हसली होती, आणि मग खुर्चीवर चढून स्वतःच्या नखांनी तिनं तो सोलला होता.

मुंगीला कडेवर घेऊन ती बाहेर पडली तर फाटकापाशी मोठ्या मावशी. हातात कापडी पिशवी, पिशवीत घरच्या चपला आणि घडी केलेला एप्रन. सामान न्यायला आल्या होत्या. तिला वळून दुसरीकडून जावंसं वाटलं, पण फाटक एकच होतं.

मावशींनी आधी मुंगीकडे पाहिलं. मुंगीनं त्यांच्याकडे झेप घेतली. तिनं नकळत मुंगीला घट्ट धरलं, आणि मावशींनी ते पाहिलं.

पुरळ गेलं का, मावशींनी विचारलं. ती हो म्हणाली. रात्री झोपते का नीट? झोपते. मग मावशींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"ताई, एक विचारू? रोज आठवून बघते मी. फोटो दाबला, केक दाबला. इथपर्यंत दिसतं. पुढचं दिसेनासं झालंय. पट्टी आली असेल आणि माझंच लक्ष नसेल, असं होत असेल का हो? इतकी वर्षं पोरं सांभाळली, पण आता माझाच माझ्यावर भरवसा उरलेला नाही."

मशीनच्या पोटातली यादी तिनं वरून खाली, खालून वर वाचली होती. या बाईला एका शब्दानं विचारलं नव्हतं, की नक्की काय दिसलं तुम्हाला.

"मावशी, पट्टी आली नव्हती."

मावशींनी पिशवी पोटाशी धरली.

"आली नव्हती. तुमची काही चूक नाही. आमच्या प्रोग्रामची होती. माझी होती. मी लिहिलेली ओळ होती."

मुंगी तिच्या गळ्यातलं कार्ड चावत होती. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मावशींनी फक्त विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"काल."

"काल कधी?"

"सकाळी."

"काल सकाळी," मावशी म्हणाल्या. जणू काहीतरी जुळवून बघत होत्या. "काल साडेतीनला मला बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, कंपनीचा अहवाल आला, मशीन बरोबर होतं. आता कबूल करून सही द्या, म्हणजे निदान दुसरीकडे लागायला चिठ्ठी तरी देता येईल. मी लिहून दिलं. पट्टी आली होती, मी पाहिली नाही." त्यांनी पिशवीचे बंद मुठीत आवळले. "मला लिहिताना खरंच वाटलं की आली असणार."

तिनं माफी मागितली. ती कशी मागितली, कुठले शब्द वापरले, ते तिला नंतर काही केल्या आठवेना. मावशींनी हो म्हटलं नाही, असू दे म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, बाईंना सांगा. आणि गेल्या. कोपऱ्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं, का घाम पुसला, ते इतक्या लांबून कळलं नाही.

ती तशीच मागे वळली, मुंगीला घेऊन बाईंच्या खोलीत गेली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. बाई आधी म्हणाल्या, बसा. मग फायलीतून अहवाल काढला. मग म्हणाल्या, अहवालावर सही तुमचीच आहे. तिनं हो म्हटलं. उद्या समितीसमोर हेच सांगाल का, त्यांनी विचारलं. तिनं त्यालाही हो म्हटलं.

शुक्रवारी ती बोलली. शंभरटक्क्याला सकाळी सांगून निघाली होती. समितीपुढे तिनं तक्रार मागे घेतल्याचं पत्र ठेवलं, अहवालात काय लिहिलं नव्हतं ते सांगितलं, त्या सहा ओळीही छापून नेल्या होत्या. त्या कुणाला कळल्या नाहीत, पण सगळ्यात खालची "तपासणी पूर्ण" मात्र सगळ्यांनी वाचली. समजुतीच्या सुरात बोलणारी ती आई आता तिच्याकडे त्याच सुरात बघत होती. एक बाबा म्हणाले, म्हणजे मॅडम, आमच्याही पोराच्या बाबतीत असं होऊ शकलं असतं? त्यांचा मुलगा सातांतला होता. ती म्हणाली, हो. बाईंनी मावशींचं कबुलीपत्र फाडलं आणि तुकडे टोपलीत न टाकता पाकिटात घातले, मावशींच्या हातात द्यायला.

मावशींना सोमवारपासून परत बोलावलं. पाळणाघरानं कंपनीशी करार मोडला नाही, पण तीनच महिन्यांचा केला. शंभरटक्क्यानं तिला पाळणाघरांच्या कामावरून काढून पावत्या छापायच्या प्रोग्रामवर बसवलं. फोनवरच्या आयांच्या गटात तिनं क्षमा मागणारा लांबलचक मजकूर टाकला. त्याखाली कुणी काही लिहिलं नाही. थोड्या वेळानं कुणीतरी विचारलं, की मोजे कुठं स्वस्त मिळतात, आणि त्याला अकरा उत्तरं आली.

सोमवारी मुंगीला न्यायला ती सहा वाजता गेली. अर्ज बदलायचा तिनं ठरवलं होतं, पण महिना संपेपर्यंत उशिराचं मूल उशिराचंच राहणार होतं. मावशी सतरंजीवर ठोकळे गोळा करत होत्या. मुंगी कोपऱ्यातून दुडदुडत आली आणि त्यांच्यापुढे उभी राहून तिनं दोन्ही हात वर केले. उशिरा थांबायला लागल्यापासून रोज ती हे करत आली होती, आणि दर वेळी मावशी तिला बोलता बोलता एका हातानं उचलून कडेवर टाकायच्या.

मावशींचे हात अर्ध्यावर आले आणि थांबले. त्यांनी मुंगीच्या डोक्यावरून दाराकडे पाहिलं.

"घेऊ का, ताई?"

"घ्या ना, मावशी," ती म्हणाली. "असं काय विचारता."

मावशींनी मुंगीला उचललं. कडेवर नाही घेतलं; दोन्ही हातांनी समोर, जराशी लांब धरली. मुंगी पाय झाडून जवळ जायला बघत होती. टेबलावर तिची पाण्याची बाटली होती, झाकणावर तिच्याच दातांचे ठसे असलेली.

"पाणी देऊ?" मावशींनी विचारलं.

"द्या," ती म्हणाली.